गाळलेली ओळ

आज चर्चच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, चालू असताना शेजारच्या बाई 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' (म्हणजे आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे) या ओळीपाशी गप्प झाल्या आणि पुढच्या ओळीला पुन्हा आमच्या सुरात मिसळल्या.

बाहेर पडताना त्या आपणहून म्हणाल्या, "भावाला अजून क्षमा केलेली नाही; देवासमोर खोटे कशाला बोलू?"

मी मात्र ती ओळ वर्षानुवर्षे बिनदिक्कत म्हणत आलो आहे. (एका जुन्या मित्राचा फोन मी अजूनही उचलत नाही.) बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या क्षमेच्या याच एका मागणीकडे पुन्हा वळतो, आणि त्याआधी 5व्या अध्यायात तर अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो.

मग आज प्रार्थना नेमकी कोणाची झाली?