कुदळीच्या टोकाला देवगांडूळ

मी बेळगावात पोरांना जीवशास्त्र शिकवते आणि माझं माहेर कणकुंबीकडचं. त्यामुळं ओळखीतल्या माणसांचा एक प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडं वाघ दिसतो काय हो?" २०११ साली आमच्या खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य जाहीर झालं आणि हा प्रश्न आणखीच वाढला. वाघ आहे, नाही कशाला म्हणू? पण खानापूर तालुक्यातून शास्त्राला नव्याने कळलेले जे प्राणी आहेत, त्यांतले दोन बघून कुणी गाडी थांबवणार नाही. उलट पायातली चप्पल काढेल.

चोर्ला गाव म्हणजे घाटाच्या माथ्यावरचं, गोव्याला जाताना लागतं ते. तिथून २००७ मध्ये 'गेगेनिओफिस म्हादेईएन्सिस' आणि २०११ मध्ये 'इक्थिओफिस डेव्हिडी' अशा देवगांडुळाच्या दोन नव्या जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या. दुसऱ्याच्या अंगाला पिवळा पट्टा असतो. लंडनच्या संग्रहालयातले देवगांडुळांचे अभ्यासक डेव्हिड गोवर यांच्यावरून त्याचं नाव ठेवलंय. आंबोलीतून त्याआधीच, २००३ मध्ये, 'गेगेनिओफिस डॅनिएली' सापडलेलं. म्हणजे आमच्या आजूबाजूच्या लाल मातीत हे प्राणी कधीपासूनचे आहेत, नोंद मात्र कालपरवाची.

देवगांडूळ साप नाही आणि गांडूळही नाही. तो बेडकाच्या गोतातला, उभयचर, फक्त पाय नसलेला.

आषाढात माहेरी गेले होते तेव्हा तात्या परसात केळीच्या बुडाजवळ चर काढत होते. ढेकूळ उलटलं आणि ओरडले, "ए, दुतोंड हाय! बाजूला हो." कुदळ वर गेलेलीच.

"तात्या, थांबा की जरा. साप न्हवं ते."

"मग काय गांडूळ हाय? एवढं?"

वीतभर लांबीचं, जांभळट, तेल लावल्यासारखं चकाकणारं. अंगावर एकामागं एक कड्या. मी हात ओला करून उचललं तर बोटांच्या फटीत डोकं खुपसून असं काही ढकलायला लागलं की एवढ्याशा जिवात हा जोर कुठून आला म्हणावं. डोळे दिसेनात, गेगेनिओफिस गटातल्या देवगांडुळांचे डोळे हाडाखाली झाकलेले असतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून पाहिलं तर नाकपुडीमागं सुईच्या टोकाएवढी मिशी आत-बाहेर होत होती. अंधारात वास घ्यायचं साधन ते. वाळवी आणि गांडुळं हे त्याचं जेवण. चावलं तरी माणसाला काही होत नाही, हे तात्यांना तीनदा सांगावं लागलं. पट्टा नाही, डोळे नाहीत, एवढ्यावर गेगेनिओफिस म्हणता येतं. पुढची जात सांगायला कड्या मोजाव्या लागतात, कवटी तपासावी लागते, डीएनए लागतो. परसात उभं राहून कुणी छातीठोक नाव सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तात्यांना हसायचं कारण नाही. मण्यार, घोणस, फुरसं, नाग हे सगळे आमच्या भागात आहेत आणि शेतात राबणाऱ्यालाच चावतात. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाची प्रत्येक केस कळवणं बंधनकारक केलं, ते उगीच नाही. जी भीती मण्यारीची, तिच्यापायी देवगांडूळही मरतं आणि बिचारी बिनविषारी नानेटीही.

धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत देवगांडुळांच्या कितीतरी जातींपुढं 'माहिती अपुरी' असा शेरा असतो. वाचणाऱ्याला वाटतं, प्राणी फार दुर्मिळ असेल. तसंच असेल असं नाही. जमिनीखाली राहणारा प्राणी मोजायचा तर जमीन खणावी लागते, आणि अभ्यासक पावसाळ्यात चार दिवस येऊन खणणार किती? आमच्याकडं रोज खणणारा माणूस एकच, रयत. त्यातही गंमत अशी की हे प्राणी नुसते अभयारण्यात राहत नाहीत. पालापाचोळा, शेणखत, बागेतले ओले चर, ओढ्याची कड, सगळीकडं. इक्थिओफिसची मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालून त्यांना वेटोळं करून बसते आणि पिल्लं पाण्यात उतरतात. तो ओढा जेसीबीनं सरळ केला किंवा काठावर तणनाशक मारलं तर अभयारण्याची हद्द तिथं काय कामाची? कागदावर ती जागा वनखात्याची नाहीच, तात्यांची आहे. म्हणून मला वाटतं की संशोधनाचा पैसा थोडा तात्यांसारख्यांना शिकवण्यावर खर्च व्हावा.

रस्त्याचं दुःख वेगळंच. पावसात रात्री चोर्ला घाटात गाडीच्या उजेडात बेडूक उड्या मारत येतात आणि चाकाखाली जातात. बेळगावातून रविवारी आंबोलीला धबधबा बघायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथला पिवळा भेक, 'झँथोफ्रिन टायगेरिना', हा २००९ मध्ये नोंदवलेला आणि अतिसंकटग्रस्त आहे. अंधार पडल्यावर गाडी हळू चालवायला काही खर्च येत नाही.

तुमच्या चरात देवगांडूळ घावलं तर डोक्याचा बाजूनं एक फोटो, पूर्ण अंगाचा एक, गावाचं नाव आणि तारीख. मग परत ओल्या पाल्याखाली. धरून ठेवायला, कुठं न्यायला वनखात्याची परवानगी लागते. हे वर्गात सांगूनसुद्धा एक पोरगा आईस्क्रीमच्या डब्यात माती घालून एक घेऊन आलाच. ओरडले, फोटो काढले, आणि दुपारच्या जांबोटी बशीनं त्याला डब्यासकट परत पाठवलं.