तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जुन्या इटालियन सिनेमांत एवढं काय आहे?

‘काळेपांढरे, संथ, गरिबीनं भरलेले सिनेमे. पुन्हा पुन्हा काय बघता त्यात?’ युद्धानंतरच्या इटालियन सिनेमाचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं.

मी त्यात माणसांना रोजची कामं करताना बघते. एरवी सिनेमात जी कामं कापून टाकतात, ती. व्हित्तोरियो दे सिका यांच्या ‘उंबेर्तो डी.’मध्ये (१९५२) मारिया नावाची कामवाली पोर सकाळी उठते. डोळ्यांवरची झोप गेलेली नाही. काडी भिंतीवर ओढून गॅस पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, पोटावरून हात फिरवते. तिला दिवस गेलेत, लग्न झालेलं नाही, मालकिणीला कळलं तर घर सुटणार. मग ती खुर्चीत बसून कॉफी दळायला घेते, आणि बसल्या बसल्या पाय लांब करून अंगठ्यानं दार लोटते. डोळ्यांत पाणी आहे, हात दळतोच आहे. या सगळ्यात एक शब्द नाही. तिची गोष्ट सांगायला याहून जास्त काय लागतं? हा प्रसंग माझ्या दृष्टीनं त्या काळातल्या इटालियन सिनेमाचं शिखर आहे. दे सिका यांच्याच ‘बायसिकल थीव्ज’पेक्षाही वरचं, हे मी अगदी ठामपणे म्हणते.

तरी ‘बायसिकल थीव्ज’मधलं (१९४८) गहाणखातं मात्र विसरता येत नाही. अंतोनियोला भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळालीय, पण सायकल गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढते आणि गहाण टाकायला नेते. तिथला माणूस ते गाठोडं उचलून रॅकवर चढायला लागतो, आणि चढतच राहतो. छतापर्यंत नुसती गाठोडी. एका घरापुरती वाटणारी अडचण सगळ्या शहराची होती, हे कॅमेऱ्यानं मान वर करून दाखवलं.

या सिनेमांची सुरुवात रोबेर्तो रोस्सेलिनी यांच्या ‘रोम, ओपन सिटी’पासून (१९४५) धरतात. रोममधून जर्मन फौजा जून १९४४मध्ये गेल्या आणि १९४५च्या जानेवारीत चित्रीकरण सुरू झालं. चिनेचित्ता या मोठ्या स्टुडिओत तेव्हा निर्वासित राहत होते, फिल्मचा तुटवडा होता. पण नुसत्या अडचणीतून असा सिनेमा होत नाही. काय दाखवायचं, हे त्या मंडळींनी जाणून ठरवलं होतं. अंतोनियो झालेले लाम्बेर्तो माज्योरानी कारखान्यातले कामगार होते, तर पेन्शनवर जगणाऱ्या उंबेर्तोची भूमिका कार्लो बात्तिस्ती या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी केली. दोघांचं चालणं बघा. पाठमोरे असतानाही ओळखू येतात.

राहिला गरिबीचा मुद्दा. तो तेव्हाही निघाला होता. सरकारमध्ये सिनेमाचं खातं सांभाळणारे जूलिओ आंद्रेओत्ती यांनी ‘उंबेर्तो डी.’मुळे देशाची चुकीची प्रतिमा जगापुढे जाते, अशी उघड टीका केली. मला ती मुळीच पटत नाही. स्वाभिमानी म्हाताऱ्याला भाड्याचे पैसे जमवताना दाखवणं ही देशाची बदनामी कशी?

आपल्याकडे हे सिनेमे पोचले ते १९५२च्या जानेवारीत, मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला, आणि ‘बायसिकल थीव्ज’चं ऋण त्यात स्पष्ट दिसतं. म्हणजे बलराज साहनींची रिक्षा ज्यांनी जीव मुठीत धरून पाहिली, त्यांची या सिनेमांशी ओळख आधीच झालेली आहे.

बघायचे असतील तर ‘बायसिकल थीव्ज’ आधी बघा, दीड तासाचाच आहे. घरातल्या मोठ्या मुलांनाही बसवा, अंतोनियोच्या छोट्या मुलामुळे, ब्रूनोमुळे, ती गुंततात. ‘उंबेर्तो डी.’ मात्र एकट्यानं बघा, आणि स्वयंपाकघराचा तो प्रसंग आला की पुढे ढकलू नका.