सोलापूरची कडक भाकरी आणि झाडूवाले संत मार्टिन

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सकाळी सोलापूरला उतरलो, मित्र स्टेशनवर हजर होताच, "चल की बे, आई वाट बघतीय."

मित्राचं घर कॅथलिक. दुपारी जेवताना समोरच्या भिंतीवर एक फोटो दिसला, सावळा माणूस, पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा, हातात चक्क झाडू, आणि पायाशी कुत्रा, मांजर, उंदीर एकाच ताटलीत खातायत. संतांच्या हातात क्रूस, पुस्तक असं पाहिलं होतं, झाडू पहिल्यांदाच. मी विचारलं आणि काकू कडक भाकरी चुरून त्यावर आमटी ओतता ओतता सांगायला लागल्या.

हे संत मार्टिन द पोरेस, पेरू देशातल्या लिमाचे, जन्म १५७९. वडील स्पॅनिश उमराव, आई गुलामीतून सुटलेली काळी बाई. पोरवयात न्हाव्याच्या हाताखाली शिकले, त्या काळी जखमा बांधणं, औषध देणं हे सगळं न्हावीच करायचा. मग डोमिनिकन म्हणजे कॅथलिक संन्याशांच्या एका पंथाच्या मठात गेले तर आफ्रिकी वंशाच्या माणसाला तिथे पूर्ण संन्यासी होता यायचं नाही, म्हणून नोकर म्हणून राहिले, झाडलोट केली, आजाऱ्यांचं सगळं केलं. मठावर कर्ज झालं तेव्हा म्हणाले मला विका!

एकदा अंगभर फोड आलेल्या भिकाऱ्याला त्यांनी स्वतःच्या अंथरुणात झोपवलं. मठातले एकजण रागावले, तर म्हणे मार्टिननी सांगितलं की पांघरूण साबणाने धुता येईल, पण गरिबाला झिडकारल्याचा डाग कितीही रडलं तरी मनावरून जाणार नाही. त्यांच्या चमत्कारांच्याही खूप गोष्टी आहेत पण खरं सांगू, मला हे अंथरूणच मोठं वाटतं. चर्चने त्यांना संत जाहीर केलं ते १९६२ साली, जाऊन सव्वातीनशे वर्षं झाल्यावर.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर गेलो. हा तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन खणला, एवढे मोठे योगी पण काम मातीचं, म्हणून मला तिथे काकूंच्या फोटोतला झाडूच आठवत राहिला.

मग डॉ. कोटणीसांचं स्मारक. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला, सोबतचे चौघे डॉक्टर परत आले, हा तिथेच वारला, अवघ्या ३२ व्या वर्षी. तारीख वाचली, ९ डिसेंबर १९४२. मित्र म्हणाला, "अरे, मार्टिनचा जन्म ९ डिसेंबरचाच की!"