पाठकोऱ्या कागदांची वही

लग्नाचा मोसम सरला की आमच्याकडे पत्रिकांचा गठ्ठा उरतो. लग्नं होऊन जातात, जोडपी फिरून येतात, पत्रिका मात्र टीपॉयच्या खालच्या कप्प्यात तशाच. प्रत्येकीवर गणपती, त्याच्याखाली कुलदैवत, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट. टाकायला हात धजत नाही. आणि कागद तर असा की त्यावर उगाच बोट फिरवत बसावं. अडीचशे-तीनशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा), वर खरखरीत पोत, कडेला सोनेरी वेलबुट्टी. वहीला कव्हर म्हणून इतका चांगला कागद मी दुकानात जाऊन कधीच घेतला नसता. हल्ली पत्रिका हातात पडली की मुहूर्त वाचण्याआधी मी ती उलटी करून बघते. पाठ पूर्ण कोरी असेल तर त्या लग्नाचा आहेर जरा भारी जातो.

मी ज्या वह्या करते त्यांना हल्ली आर्ट जर्नल म्हणतात. मी नुसतं वहीच म्हणते. तिच्यात चित्रं असतात, रंगांचे फराटे असतात, चिकटवलेली तिकिटं, कात्रणं, झबल्याचा तुकडा, मधेच दोन ओळी. शाळेतली चिकटवही मोठी होऊन नोकरीला लागली तर अशीच दिसेल. मी चित्रकार नाही, आणि ही वही कुणाला दाखवायची नसल्यामुळे तो प्रश्नही येत नाही.

कागद घरातलाच, आणि एकदा वापरून झालेला. आमच्या पिढीला यात नवं काही नाही. मे महिन्यात जुन्या वह्यांमधली कोरी पानं फाडून काढायची, आकाराप्रमाणे लावायची आणि बाइंडरकडे नेऊन द्यायची, हा घरोघरचा कार्यक्रम होता. जूनमध्ये त्याची रफ वही होऊन यायची. अर्धी पानं एकरेघी, अर्धी चौकटींची, मधेच एखादं भूगोलाच्या वहीतलं, एका बाजूला कोरं. बाबांच्या ऑफिसातून सायक्लोस्टाइल केलेली परिपत्रकं यायची, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आमची गणितं. कर्जाच्या व्याजदराविषयीच्या सूचना आरपार दिसायच्या आणि त्यांच्यावर आम्ही लसावि काढायचो. हे कुणी पर्यावरणासाठी करत नव्हतं. कोरा कागद वाया घालवणं हे अन्न टाकण्याइतकंच वाईट दिसायचं, एवढंच.

आता पाठकोऱ्यांचा पुरवठा प्रिंटरमुळे होतो. मुलाच्या प्रोजेक्टचे चुकलेले प्रिंट, सोसायटीच्या नोटिसा, विम्याची पत्रं, गृहकर्जाचा तो भला मोठा तक्ता, ज्यात पहिली कित्येक वर्षं मुद्दल हलतच नाही. हे सगळे पंचाहत्तर-ऐंशी जीएसएमचे कागद. शाईपेनाला चालतात, जलरंगाने सुरकुततात. मग दोन कागदांच्या छापील बाजू आतल्या बाजूला घेऊन एकमेकांना चिकटवायच्या की एक दणकट पान तयार होतं आणि दोन्हीकडून कोरं. मी मात्र सगळीच पानं अशी झाकत नाही. काही ठिकाणी तो हप्त्यांचा तक्ता मुद्दाम वर ठेवते आणि त्याच्यावरून पातळ निळा रंग फिरवते. आकडे खालून दिसत राहतात. त्या आकड्यांकडे इतक्या शांतपणे मी एरवी कधीच बघितलेलं नाही.

वही शिवायला फार काही लागत नाही, पण एक गोष्ट बाइंडर लोक न बोलता पाळतात आणि आपल्याला कुणी सांगत नाही. कारखान्यातला कागद यंत्रावर एका दिशेने धावत तयार होतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू त्याच दिशेला झोपतात. त्या दिशेने घडी घातली की ती सरळ आणि निमूट बसते. आडवी घातली की घडीवर कागद तडकतो आणि वही कायम तोंड उघडं टाकून बसते. ओळखायचं कसं? वर्तमानपत्राचं पान एकदा उभं फाडून बघा आणि एकदा आडवं. एकीकडे सरळ रेघेत फाटेल, दुसरीकडे वेडंवाकडं. कागदाचा कल त्या सरळ फाटणाऱ्या बाजूला.

बाकी काम सोपं. चार-पाच कागद एकात एक घडी घालून घ्यायचे, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची. मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथून मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. तो जो लांब टाका पडलेला असतो त्याच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्याची टोकं घेऊन गाठ मारायची. झाली वही. जाड हवी असेल तर अशा घड्या एकमेकींना जोडत जायचं आणि कण्यावर मलमलीची पट्टी चिकटवायची. चिकटवायला मैद्याची खळ. बाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असतं, म्हणून घरात मी ते आणत नाही. खळ थोडीच शिजवते आणि उरली तर टाकून देते.

इथपर्यंतचं सगळं घरच्यांना मान्य असतं. भांडण होतं ते लगद्यावरून.

पाठही भरलेले, म्हणजे दोन्ही बाजूंनी संपलेले कागद वहीत जाऊ शकत नाहीत. त्यांचा नवा कागद करावा लागतो. फाडून रात्रभर भिजवायचे, मग भरपूर पाण्यात मिक्सरमधून काढायचे. मिक्सरचं भांडं जुनं आणि फक्त याच कामाचं असतं हे मी किती वेळा सांगितलं तरी त्या आठवड्यातली चटणी प्रत्येक जण संशयाने चाखतो. तो लगदा मोठ्या टबात पाण्यात सोडायचा. पाणी घावनाच्या पिठाहूनही पातळ हवं. जुन्या फोटोफ्रेमला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली की चाळा तयार. तो तिरका बुडवायचा, आडवा करून उचलायचा, आणि पाणी गळत असतानाच दोन्ही दिशांना किंचित हलवायचा. या हलवण्यात सगळं आहे. त्याने तंतू एकमेकांत अडकतात, आणि म्हणूनच हातकागदाला यंत्राच्या कागदासारखा ठरीव कल नसतो, तो कुठूनही दुमडा. मग जुन्या धोतराच्या तुकड्यावर चाळा पालथा घालायचा, वरून दाबून पाणी टिपून घ्यायचं आणि अलगद उचलायचा.

वर्तमानपत्राचा कागद राखाडी होतो आणि लवकर पिवळा पडतो, त्यात लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य, शिल्लक असतं. गुळगुळीत मासिकांत चिनी माती असते, ती पाण्याबरोबर निघून जाते आणि हाती फार थोडा लगदा लागतो. वहीच्या रेघांची निळाई विरघळून जाते. पत्रिकांमधली सोनेरी चमकी मात्र कशालाच दाद देत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या लग्नाचे कण कागदभर चमकत राहतात. हळद घातली तर देखणा पिवळा रंग येतो आणि उन्हात तितक्याच लवकर जातो. कांद्याच्या सालीचा जास्त टिकतो.

हा कागद वाळला की त्यावर पेन टेकवून बघा. शाई पाय पसरून बसते. अक्षर लिहिलं की त्याचा ढग होतो. तंतूंमधल्या फटी भरल्याशिवाय कागद लिहिण्याजोगा होत नाही, आणि यावरचा इलाज आपल्याकडे शेकडो वर्षं माहीत होता. कागदाला खळ द्यायची, वाळवायचा, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. पोथ्यांचा कागद तसा चकचकीत दिसतो तो या घोटण्यामुळे. मी तांदळाची पेज लावते आणि नदीतला एक गोटा घेऊन टीव्हीसमोर घोटत बसते. मालिकेच्या एका भागात एक पान होतं. जाहिराती जास्त असल्या तर पान जास्त चांगलं होतं.

घोटताना जुन्नरची आठवण येते. पेशवाईतल्या दप्तरांना जुन्नरी आणि दौलताबादी कागद लागायचा. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो, आणि पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना या नावामागचा धंदा ठाऊक असेल, कोण जाणे. त्या काळचे कागदी, म्हणजे कागद बनवणारे लोक, झाडं तोडून कागद करत नव्हते. ताग, जुन्या गोण्या, दोर, चिंध्या, वापरलेले कागद, हेच त्यांचं भांडवल. ते कुटायचं, धुवायचं, गवताच्या काड्यांच्या चाळ्यावर उचलायचं आणि भिंतीवर थापून वाळवायचं. म्हणजे पुनर्वापर हा आपल्याकडे नंतर आलेला शहाणपणा नव्हे, कागद मुळात असाच व्हायचा. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात 1940 साली के. बी. जोशींनी पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. तिथला कागद सुती कापडाच्या कात्रणांपासून होतो, त्यामुळे तो चिवट असतो आणि पिवळाही पडत नाही. माझ्या मिक्सरच्या कागदाची आणि त्याची बरोबरी नाही. जलरंगाचं जरा बरं चित्र काढायचं असलं की मी त्यातलाच एखादा ताव वापरते.

हल्ली ऑनलाइन ‘जुनाट’ दिसणाऱ्या कागदांची पाकिटं मिळतात. कडा जाळल्यासारख्या, डाग छापलेले, परक्या देशातली रेल्वेची तिकिटं, कुणा अनोळखी बाईचं फ्रेंच पत्र, तेही छापील. किंमत बघून मी चाट पडले. ज्या घरात आजोबांची रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आजीच्या हातची पाककृतींची पानं आणि आईने दुधाचा हिशेब लिहिलेली ‘कालनिर्णय’ची पानं पडलेली आहेत, त्या घराने दुसऱ्याचं जुनेपण विकत घ्यावं हे मला जरा चमत्कारिकच वाटतं. कागद पिवळट करायचाच असेल तर चहाचा चोथा आहे ना! पुन्हा उकळायचा, गाळायचा, कुंच्याने फिरवायचा. खर्च शून्य, वास छान.

रोजमेळाच्या वहीवरून आठवलं. लाल कापडाच्या त्या लांबट वह्यांमध्ये छापील रेघा नसतात. व्यापारी पानाला उभ्या घड्या घालून सळ पाडत आणि त्या सळांचेच रकाने होत. मी ही युक्ती उचलली आहे. कोऱ्या पानासमोर हात अडला की पानाला घड्या घालते आणि उलगडते. पानाला चौकटी पडतात. एकेका चौकटीत एकेक गोष्ट, आज बाजारात दिसलेली पांढरी वांगी, रिक्षाच्या मागची ओळ, डॉक्टरांच्या वेटिंग रूममधली खुर्ची. कोरं पान मला कधी घाबरवत नाही असं नाही, पण ज्या पानाच्या पाठीवर ‘दिनांक 12 रोजी पाणीपुरवठा बंद राहील’ असं लिहिलेलं असतं ते फारसं घाबरवू शकत नाही. दुकानातली चामडी बांधणीची, मलईसारख्या पानांची भेट आलेली वही मात्र कपाटात तशीच आहे. तिच्यात लिहिण्याजोगं काही सुचायची वाट बघते.

वापरायच्या बाबतीत एक सांगून ठेवते. दुकानांची बिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या, एसटीच्या यंत्रातून निघणारी तिकिटं वहीत चिकटवू नयेत. तो थर्मल कागद असतो. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो, आणि तो काही महिन्यांत उडून जातो. कोकणातल्या सहलीचं पान मी तिकिटांनी सजवलं होतं, आता तिथे पांढऱ्या पट्ट्या आहेत. त्यांच्यावर मी आठवून आठवून गावांची नावं लिहिली. पूर्वीची ती पंच मारलेली रंगीत तिकिटं मात्र अजून जशीच्या तशी. आणि लगद्यात तर हे थर्मल कागद अजिबात घालू नयेत, त्या लेपातली रसायनं नव्या कागदात उतरतात.

चुकीचं झाकायची सोयही जुनीच. पोथ्या नकलणारे चुकलेल्या ओळीवर हरताळ नावाचं पिवळं खनिज फासत आणि वरून पुन्हा लिहीत. मी पांढरा पोस्टर कलर फासते. काही पानांवर असे थर इतके चढलेत की पान खुळखुळतं.

पत्रिकांवरच्या गणपतींचं काय करते, हे जवळपास प्रत्येक जण विचारतो. ते मी कापून घेते. कुठल्याही वहीचं पहिलं पान तसंही गणपतीचंच असतं, त्यामुळे वह्या वाढल्या तरी गणपती पुरून उरतात. उरलेले शेजारच्या बाई त्यांच्या नातीच्या हस्तकलेसाठी नेतात. सासूबाईंना आधी हे कात्रीचं प्रकरण पसंत नव्हतं, मग त्यांनी स्वतःच्या हरिपाठाच्या वहीसाठी त्यातला एक हळूच मागून घेतला. उजव्या सोंडेचा नको म्हणाल्या.

भरलेल्या वह्या फुगतात. चिकटवलेल्या ऐवजाने पोट सुटतं आणि कव्हर मिटत नाही, म्हणून जुन्या परकराची नाडी बांधून ठेवते. अशा फुगलेल्या वह्यांनी माळ्यावरची पेटी भरली तेव्हा घरात विषय निघाला की यातल्या अगदी जुन्या, नुसती रंगांची रंगीत तालीम असलेल्या दोन-तीन तरी रद्दीत काढाव्यात. कागद पाच-सात वेळा तरी पुन्हा पुन्हा लगद्यात जाऊ शकतो, मग तंतू आखूड होत होत संपतात. म्हटलं, माझ्यानंतर अजून एखाददुसरा जन्म मिळू दे. रद्दीवाले दादा आले, पेपरची चळत काट्यावर टाकली, मग माझी वही हातात घेऊन त्यांनी चाळली. नाडी ओढून बघितली, कण्यावरची मलमल नखाने खरवडली, डिंकाने कडक झालेलं पान वाकवून बघितलं.

“काकू, हे नाही चालणार,” ते म्हणाले. “यात कापड आहे, डिंक आहे, चमकी आहे. गोडाऊनवाला घेत नाही असला माल. पेपर असतील तर द्या.”