एलपीडीवर नेटवर्क प्रिंटर: इथवरची मजल

प्रिंटर जुना लेझर आहे, पण नेटवर्क पोर्ट आहे आणि पीसीएल (प्रिंटरला आज्ञा द्यायची भाषा) समजतो. कप्स ही आजकालची छपाईची प्रणाली टाकली असती तर काम लवकर उरकलं असतं. तरी मला बर्कली युनिक्सचा एलपीडीच (छपाईची रांग सांभाळणारा जुना प्रोग्राम) हवा होता, कारण त्याच्या पोटात काय चाललंय ते सगळं उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

माझ्या फ्रीबीएसडीत (बर्कली युनिक्सच्याच घराण्यातली सिस्टिम) एलपीडी मूळ सिस्टिमसोबतच आला. प्रिंटकॅप फाइलीत, म्हणजे प्रिंटरांच्या यादीत, एकच नोंद केली: ‘एलपी’ला ९१०० हा पोर्ट आणि प्रिंटरचं नाव, ‘एसडी’ला स्पूल डिरेक्टरी (छपाईची वाट बघणारी कामं जिथे थांबतात ती), ‘एसएच’ म्हणजे बॅनरचं पान नको, ‘आयएफ’ला फिल्टर, म्हणजे छापण्याआधी मजकुरावर काम करणारी स्क्रिप्ट.

रांग कशी चालते ते बघायचं असेल तर एलपीसी या रांग सांभाळायच्या कमांडने छपाई ‘स्टॉप’ करा आणि एक फाइल एलपीआर या छापायला पाठवायच्या कमांडने सोडा. छपाई थांबते, पण रांग कामं घेतच राहते. स्पूल डिरेक्टरीत दोन फाइली दिसतात. ‘डीएफ’ने सुरू होणारीत मजकूर, ‘सीएफ’ने सुरू होणारीत त्या कामाची कुंडली. तिच्यात प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बोलतं: एच म्हणजे मशीन, पी म्हणजे माणूस, जे म्हणजे कामाचं नाव, यू म्हणजे छापून झाल्यावर पुसायची फाइल. आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या नियमपत्रात १९९० साली लिहून ठेवलेला हाच मामला. साधी टेक्स्ट फाइल, कॅट कमांडने वाचता येणारी! मला हे फार आवडतं.

पहिलं पान पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलं. युनिक्स ओळ संपवताना फक्त लाइन फीड (एक ओळ खाली सरका) देतो. डावीकडे परत यायचं प्रिंटरला कोणी सांगतच नाही. फिल्टरमध्ये मजकुराआधी एस्केप, मग ‘&’, छोटा के, २, मोठा जी एवढं पाठवलं की पीसीएल प्रिंटर लाइन फीडसोबत कॅरेज रिटर्न (डावीकडे परत या) स्वतःच धरतो.

नेटबीएसडी या भावंड सिस्टिमचं माझं दुसरं मशीनही आता याच रांगेत आहे. तिकडे ‘आरएम’ला फ्रीबीएसडी मशीनचं नाव, ‘आरपी’ला रांगेचं, इकडे होस्ट्स डॉट एलपीडीत (छापायची परवानगी असलेल्या मशीनची यादी) त्याची नोंद आणि फायरवॉलमध्ये एलपीडीचा ५१५ पोर्ट फक्त घरच्या नेटवर्कला खुला. विनंती कुठल्या पत्त्यावरून आली एवढंच बघून एलपीडी विश्वास ठेवतो, म्हणून तो बाहेर उघडा टाकू नये.

राहिलंय ते मराठी. यूटीएफ-८ मजकूर थेट पाठवला की प्रिंटर एकेक बाइट सुटं अक्षर समजून कचरा छापतो. पॅप्स हा प्रोग्राम आधी पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीकडून जोडाक्षरं लावून घेतो, मग पोस्टस्क्रिप्ट या पानं वर्णन करायच्या भाषेत देतो. ते घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामच्या एलजेट४ ड्रायव्हरमधून, म्हणजे पीसीएलमध्ये बदलून, काढलं की ‘क्ष’ आणि रफार जागच्या जागी येतात. सध्या हे हाताने करतोय. फिल्टरने फाइलीची पहिली दोन अक्षरं बघायची, ‘%!’ (पोस्टस्क्रिप्टची खूण) असेल तर सरळ घोस्टस्क्रिप्ट, नाहीतर आधी पॅप्स, असं पुढचं काम आहे. मराठीसाठी ओळींमधलं अंतर पॅप्समध्ये कोणी जमवलं असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतायत.