पित्याच्या मनगटावरचे व्रण

चर्चमधली रविवारची उपासना आटपली की आवारात चहाचा कप सांभाळत कुणीतरी मला गाठतंच. "सर, ही कादंबरी आपल्या शिकवणीत बसते ना? पोरीला वाचायला देऊ का?" मंडळीच्या वाचनालयाचं लोखंडी कपाट बरीच वर्षं माझ्या ताब्यात आहे. त्यामुळे पुस्तक हातात घेतल्या घेतल्या मला त्यातलं पाखंड दिसतं, असा रास्ता पेठेपासून वानवडीपर्यंत समज आहे. तसं काही नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

काही पुस्तकांचं काम सोपं असतं. 'द दा विंची कोड'मधला एक विद्वान सांगतो की येशूचं देवत्व 325 साली निकियाच्या परिषदेत मतदानाने ठरलं, आणि तेही काठावर. प्रत्यक्षात तिथे शेकडो बिशप जमले होते आणि ठरलेल्या मतांगीकारावर, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीवर, शेवटपर्यंत सही नाकारणारे निघाले दोन. हा इतिहासाचा प्रश्न, दहा मिनिटांत संपतो.

अवघड जातं ते आपल्याच माणसाने प्रेमाने लिहिलेलं पुस्तक. विल्यम पॉल यंग यांची 'द शॅक' ही 2007 ची कादंबरी माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा विचारली जाते. मॅक नावाच्या माणसाची लहान मुलगी एका झोपडीत मारली जाते. पुढे एका चिठ्ठीवरून तो त्याच झोपडीत जातो आणि तिथे त्याला त्रैक्य देव भेटतो: पिता म्हणजे स्वयंपाकघरात रमलेली 'पापा' नावाची एक कृष्णवर्णीय बाई, पुत्र सुतारकाम करणारा, आणि पवित्र आत्मा सरयू नावाची आशियाई स्त्री. (आपल्याला शरयू म्हटलं की अयोध्येची नदी आठवते. पुस्तकात त्याचा अर्थ वारा असा दिलाय.)

लोक अडतात ते 'देव बाई कशी?' इथे. मी तिथे फार थांबत नाही. आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, असं यशयाच्या 66 व्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो. लूकच्या 15 व्या अध्यायात हरवलेलं नाणं घर झाडून शोधणारी बाईच आहे. उपमा म्हणून हे चालतं. पिता हे नाव मात्र उपमा नाही, येशूने शिकवलेलं आहे, आणि कादंबरी संपल्यावर प्रार्थनेत तेच नाव तोंडी राहायला हवं. एवढं सांगून मी पुढे जातो.

मी अडतो ते मनगटांपाशी. त्या 'पापा'च्या मनगटांवर व्रण आहेत. म्हणजे खिळे पित्यालाही ठोकले. आपण दर रविवारी मतांगीकारात काय म्हणतो? दुःख सोसलं, वधस्तंभावर खिळला गेला तो पुत्र. पिताच मेला असं म्हणणारे जुन्या काळीही होते. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्राक्सियस नावाच्या एकाला त्यावरून झोडपलं: या माणसाने पित्यालाच वधस्तंभावर चढवलं!

गंमत अशी की याच पुस्तकात पापा स्पष्ट सांगते, आम्ही तीन देव नाही, आणि एकाच देवाचे तीन मुखवटेही नाही. संवाद मतांगीकाराला धरून आहे, चित्र मात्र घसरलंय. आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे राहतं ते चित्रच. म्हणून कादंबरी तपासताना मी पात्रं काय बोलतात ते नंतर बघतो. पुस्तक मिटल्यावर काय दिसत राहतं, ते आधी.

आपल्याकडे उलटं उदाहरण आहे. बाबा पदमनजींची हिंदू विधवांच्या हालांवरची 1857 ची 'यमुनापर्यटन', मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. शिकवणीच्या बाजूने बोट ठेवायला जागा नाही. पण पात्रं बोलायला लागली की उपदेश सुरू होतो, आणि खरं सांगतो, मी ती पानं उलटतो. लक्षात राहतात त्या विधवा.

एका मावशींना मी 'द शॅक' दिली तेव्हा आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती: "व्रण पुत्राचे, पित्याचे नव्हेत." त्यांचा तरणाताठा मुलगा गेला होता. महिन्याने त्यांनी पुस्तक परत आणलं, चिठ्ठी तशीच आत.

"हे मला ठाऊक आहे रे," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं मतांगीकार म्हणतेय. पण ज्याचा मुलगा गेला त्या बापाला काय झालं, हे कुठल्या उपदेशात सांगता तुम्ही?"

देवाला दुःख शिवत नाही, ही जुन्या आचार्यांची शिकवण मला पाठ होती. ती मावशींना सांगायची हिंमत झाली नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला आणि पित्याने आपल्या पुत्राला राखून ठेवलं नाही, ते वचन वाचून दाखवलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि पुस्तक पुन्हा पिशवीत टाकलं. ते अजून त्यांच्याकडेच आहे.