सायक्लोनची वही : गळती तळात होती

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सायक्लोनचा, म्हणजे हवा गोल फिरवून तिच्यातला भुसा खालच्या डब्यात पाडणाऱ्या पत्र्याच्या यंत्राचा, शंकू जमला म्हणजे काम फत्ते. शब्द मागे घेतो. शंकू छान जमला आणि भुसा तरीही वरच्या पिशवीत जात राहिला. पाच रविवार मी शंकूलाच दोष देत बसलो. चूक खालच्या डब्यात होती.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. पुण्यात घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड, त्यात टेबल सॉ, लाकडात खाचा पाडणारा राउटर आणि एक घासायचा बेल्ट सँडर. गेल्या उन्हाळ्यात आईने वाळत घातलेल्या कुरडयांवर सागाच्या पुडीचा पिवळट थर बसला आणि मला आठवडाभर जेवताना टोमणे खावे लागले. कुरडयांचं जाऊ दे, पण लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकलेली आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींत. तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची दाबलेली फळी) कापणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. मीही त्यातलाच होतो.

मापं स्टेअरमंड या ब्रिटिश अभियंत्यांची घेतली. त्यांनी १९५१ मध्ये जी प्रमाणं दिली ती आजही चालतात, आणि सगळी एकाच आकड्यावर उभी आहेत : नळकांड्याचा व्यास. माझा ३०० मिलिमीटर. मग एकूण उंची चौपट, १२००. त्यात सरळ भाग ४५० आणि शंकू ७५०. हवा आत येण्याचं तोंड १५० बाय ६०, वरची बाहेर जाणारी नळी १५० व्यासाची आणि तेवढीच आत लोंबणारी, तळाचं भोक ११२. नळकांड्याचा व्यास ३०० च का? तर १५० बाय ६० चं क्षेत्रफळ ११० च्या पीव्हीसी पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाच्या अगदी जवळ येतं. हवेला मध्येच अरुंद-रुंद व्हावं लागत नाही.

शंकू पत्र्यावर उलगडताना मजा आली. जमिनीवर खिळा ठोकला, सुतळी बांधली आणि दोन कंस मारले, एक १२०९ मिलिमीटर त्रिज्येचा, दुसरा ४५३ चा. कोन ४४.६५ अंश, वर जोडासाठी १२ मिलिमीटर जास्त. आधी रद्दीच्या कागदाचा करून पाहिला, मग २४ गेजचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा. पत्रेवाल्यांनी कागद उलटासुलटा केला आणि म्हणाले, "साहेब, एवढी लांब बादली? आणि बुडाला भोक?" पण वाकवली मात्र अशी की जोड बोटाला लागत नाही. रिव्हेट मारताना आतून डोकं राहू देऊ नका एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी वरून राखेचा हात फिरवून सोल्डर ओतला, तो न सांगता.

आत काय घडतं ते समजायला मला आजोळचं खळं उपयोगी पडलं. आजोबा वावडीवर, म्हणजे उफणायच्या उंच तिवईवर, उभे राहून सूप तिरकं धरायचे, दाणा सरळ खाली, भूस वाऱ्याबरोबर लांब. वारं पडलं की काम बंद, सगळे चहाला. सायक्लोनमध्ये वारं आपणच आणतो आणि त्याला गोल पळवतो. माझ्या तोंडाशी हवेचा वेग हिशेबाने सेकंदाला १९ मीटरच्या आसपास येतो. १५ सेंटिमीटर त्रिज्येत तो फिरवला की कणाला बाहेर ढकलणारं बल गुरुत्वाच्या जवळजवळ २४० पट होतं. कण भिंतीला चिकटतो, घरंगळत खाली जातो. हवा तळाशी पोचून उलटते आणि मधल्या बारीक भोवऱ्यातून वर चढते. खळ्यावर जड खाली आणि हलकं दूर. इथे जड भिंतीला आणि हलकं वर. उफणणीच आहे, फक्त सूप गोल झालं.

या यंत्राचं अमेरिकन पेटंट १८८५ सालचं आहे, जॉन फिंच यांचं. त्या काळात पिठाच्या गिरण्यांना धुळीची धास्तीच बसलेली होती : २ मे १८७८ ला मिनिॲपोलिसची वॉशबर्न 'ए' मिल हवेतल्या पिठाला आग लागून उडाली आणि १८ माणसं गेली. शेडमध्ये हिटर ठेवून सँडिंग करणाऱ्या मित्राला मी ही गोष्ट दर हिवाळ्यात सांगतो. आणि ब्रिटिश संशोधक डायसन यांनी लाकडाच्या वखारीवरचा असाच शंकू पाहून घरातला व्हॅक्यूम क्लीनर बनवायला घेतला, तर ५,१२७ नमुने झाले म्हणे. माझा हा दुसरा, त्यामुळे मला अजून बराच धीर धरता येईल.

आता डब्याची कथा. पहिल्या चाचणीला तळाला घरातला रिकामा १५ किलोचा तेलाचा डबा लावला. वर भोक कापलं, सिलिकॉन फासलं, झालं. ब्लोअर दोन एचपीचा, २८८० फेऱ्यांचा, पंखा १४ इंची, सायक्लोनच्या पुढे, म्हणजे सगळं ओढीवर. टेबल सॉच्या पाइपाचं गेट (हवा अडवायची सरकती पट्टी) बंद करून राउटरचं उघडायला वळलो, आणि त्या दोन सेकंदांत धप्पकन आवाज झाला. डबा चारही बाजूंनी आत. अगदी कंबर आवळल्यासारखा. नंतर मोजलं तर सगळी गेटं बंद असताना ओढ २५५ मिलिमीटर पाण्याची भरते, म्हणजे नळीतल्या पाण्यात तेवढा फरक पाडेल इतकी. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण डब्याची एक बाजू साधारण २३ बाय ३५ सेंटिमीटर. तिच्यावर बाहेरून २१ किलोच्या आसपास भार. तेलाच्या डब्याचा पत्रा म्हणजे कागदाला कल्हई. गोल वस्तू हा दाब सहज सोसते, सपाट बाजू सोसत नाही. आई म्हणाली, "भंगारवाल्याला दोन रुपये कमी मिळतील आता."

हे मोजलं कशाने? गवंडी लेव्हलसाठी वापरतो ती पारदर्शक नळी. फळीवर यू आकारात ठोकली, शेजारी शाळेची पट्टी, आत कुंकवाचं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे पाणी नळीला धरत नाही. एकूण खर्च साठ रुपये. हवेचा वेगही याच नळीवर निघतो : पितळेची बारीक नळी वाकवून तिचं तोंड पाइपात हवेच्या समोर धरायचं, दुसरं टोक पाइपाच्या भिंतीतल्या भोकाला. ही युक्ती आंरी पितो या फ्रेंच अभियंत्यांनी १७३२ मध्ये पॅरिसला सेन नदीच्या पाण्यात वापरली होती. विमानाच्या नाकाजवळ दिसते ती नळी तीच.

पहिलं वाचन २२ मिलिमीटर. एक गोष्ट लक्षात ठेवा, पुस्तकात हवेची घनता १.२ धरतात, पण पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, इथे १.१ धरा. मग पाइपाच्या मधोमध सेकंदाला २० मीटर येतात. मधोमध वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून ०.८५ ने गुणलं, सरासरी १७. लाकडाचा भुसा पाइपात न बसता वाहत राहायला २० च्या आसपास हवा. अडत होतं कुठे? तीन मीटरच्या सुरकुत्यांच्या लवचिक पाइपात. तो कापून एक मीटर केला, उरलेलं अंतर गुळगुळीत पीव्हीसीने भरलं, आणि काटकोनी एल्बोऐवजी दोन पंचेचाळीसचे लावले. वाचन ३१, सरासरी २०. मोटर तीच, वीज तीच. लवचिक पाइप सोयीचा असतो आणि ब्लोअर खातो.

तरीही पिशवी भरत होती. डब्याऐवजी आता जुन्या बाजारातून आणलेला निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता, पत्र्याच्या कड्याने झाकण आवळायचा. २ किलो भुसा मोजून हळूहळू सोडला, ड्रममध्ये आले १,६१० ग्रॅम. जवळपास चारशे ग्रॅम पिशवीत! मी पुन्हा शंकूकडे वळलो. आतली नळी दोन सेंटिमीटर खाली करून पाहिली, वर करून पाहिली. काही नाही.

शेवटी एका संध्याकाळी उदबत्ती घेतली. ब्लोअर चालू, दिवा बंद, टॉर्च आडवी, आणि उदबत्ती प्रत्येक जोडावरून कासवाच्या चालीने. वरच्या सगळ्या जोडांवर धूर सरळ वर गेला. पत्रेवाल्यांचा सोल्डर, म्हटलं ना. ड्रमच्या झाकणाशी आलो आणि धुराची रेघ एकदम मोडली, कडेखाली सुळकन आत शिरली. चार बोटं पुढे पुन्हा तेच. झाकणाची रबरी रिंग वाळून दोन ठिकाणी भेगाळलेली होती. डोळ्याला दिसणारच नाही अशी फट, पोस्टकार्ड जेमतेम जाईल.

एवढीशी फट इतकं नुकसान करते याचं कारण भोवऱ्यात आहे. सर्वांत कमी दाब त्याच्या गाभ्यात असतो आणि तो गाभा शंकूच्या टोकापर्यंत, कधी ड्रममध्येही उतरतो. ड्रममध्ये बाहेरची हवा शिरली की तिला जायला एकच वाट, ती गाभ्यातून वर. भिंतीवरून कष्टाने खाली आणलेला भुसा ती जाताजाता उचलून नेते. पाइपात कुठे गळती असती तर मशीनकडची ओढ थोडी कमी झाली असती, बास. तळाची गळती मात्र सायक्लोनलाच उलटं चालवते. म्हणून सांगतो, शंकू अर्ध्या अंशाने चुकला तरी चालेल, झाकण चुकवू नका.

गाडीच्या दाराची रबर बीडिंग आणली, सांधा ४५ अंशात कापून चिकटवला आणि सांधा कड्याच्या खटक्यापासून लांब ठेवला. उदबत्ती परत फिरवली, धूर सरळ. पुन्हा २ किलो. ड्रममध्ये १,९७६ ग्रॅम. मी तीनदा वजन केलं, तिसऱ्यांदा शेजारच्या वाण्याच्या काट्यावर.

उरलेल्या २४ ग्रॅमवर आता माझा डोळा आहे. पिशवी झटकली तर मैद्यासारखी पूड, चिमटीत धरली की बोटांच्या रेषांत बसते. फुप्फुसात खोल जाणारी हीच, आणि कापडी पिशवी तिला नीट अडवत नाही. माझ्या मापाचा सायक्लोन अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतलं फारसं पकडणार नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाच चूक. तिथे फिल्टरच हवा. फिल्टर म्हणजे चाळणी असं मी इतकी वर्षं समजत होतो. तसं असतं तर कण जितका बारीक तितका निसटला असता. प्रत्यक्षात मोठे कण वळणावर तंतूला आपटतात, अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि तेही तंतूला अडकतात. निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. हेपाची (दवाखान्यांत वगैरे वापरतात त्या अतिबारीक फिल्टरची) परीक्षा ०.३ वरच घेतात आणि ९९.९७ टक्के मागतात, ती यामुळे.

तूर्त ट्रकचा नवा एअर फिल्टर आणून ठेवलाय. हेपा नाही तो, पण घड्या भरपूर असल्यामुळे हवा सावकाश जाते आणि ओढ फारशी पडत नाही. बसवण्याआधी आणि नंतर कुंकवाचं पाणी किती चढतं ते लिहीनच. त्याआधी एक झडप करायची आहे : मुख्य पाइपावर बिजागरीची पत्र्याची पट्टी, तिला वजन बांधलेलं, ओढ १८० च्या वर गेली की आपोआप उघडेल आणि बाहेरची हवा घेईल. निळा ड्रम २५५ ला अजून टिकलाय, पण परवा झाकण मधोमध बशीसारखं बसलेलं दिसलं. कोणी अशी झडप केली असेल तर वजन बिजागरीपासून किती लांब बांधलंत तेवढं कळवा. माझी पहिली पट्टी ब्लोअर चालू झाला की टाळ वाजवल्यासारखी थडथडते.